भावनाबाईंचा गुडघा

लंगडीच्या सामन्याला पंच म्हणून भावनाबाई येणार असं कळलं की हिंगणघाट तालुक्यातली पोरं हरण्याची तयारी घरूनच करून येत. इतर पंचांना अख्खा खेळाडू दिसायचा, भावनाबाईंना फक्त पाय दिसत. उचललेल्या पायाचा अंगठा धुळीला नुसता चाटून गेला तरी त्यांची शिट्टी वाजे आणि हात वर जाई. बाद. एकदा अल्लीपूरच्या मैदानावर त्यांनी एका बड्या साहेबांच्या भाच्याला बाद दिलं. साहेब मांडवात चहा पीत बसले होते. त्यांनी हसत विचारलं, "मॅडम, एवढ्या धुळीत दिसलं काय तुम्हाले?"

"मले पाय दिसते सर, नातं नाई दिसत," भावनाबाई म्हणाल्या.

हे वाक्य त्यांना स्वतःलाच इतकं आवडलं की पुढे लग्नकार्यात, शिक्षक बैठकीत, एकदा तर दवाखान्याच्या रांगेतही त्यांनी ते सांगितलं. घरी 'अल्लीपूरच्या मैदानावर' एवढं ऐकू आलं की त्यांच्या सासूबाई सीताबाई उठून चपला शोधू लागत.

मैदानावरची ही करारी बाई घरी आली की मात्र वेगळीच होई. शेगडीचं बटण बंद केलं का, हे पाहायला त्या शाळेच्या फाटकातून परत आल्या आहेत. बटण बंद असे. मग पाहताना चुकून चालू तर झालं नाही ना, म्हणून पुन्हा एकदा. मुलगी जागृती मत्स्यविज्ञान शिकायला कोकणात निघाली, तेव्हा त्यांनी तिच्या बॅगेत आपली जुनी शिट्टी ठेवली. बुडायला लागलीस तर वाजव, म्हणाल्या. बुडताना शिट्टी वाजवायची कशी, हे त्यांनी सांगितलं नाही, कारण ते त्यांनाही माहीत नव्हतं. त्यांना पोहता येत नव्हतं. वणा नदीत त्या घोट्याच्या वर कधी उतरल्या नव्हत्या, तेही पाण्याला पाठ न दाखवता.

जागृती शिकली आणि तिकडेच समुद्रकाठच्या एका गावात कोळंबीच्या प्रकल्पावर नोकरीला लागली. तिथवर ठीक होतं. कोळंबी कोणाचा जीव घेत नाही. पण त्या गावात सर्फिंग शिकवणारं एक केंद्र निघालं होतं. जागृती एकदा गंमत म्हणून गेली, मग रोज सकाळी जाऊ लागली आणि पुढे रविवारी नव्या लोकांना शिकवायलाही लागली. लाटेवर फळी टाकायची आणि त्या फळीवर उभं राहून किनाऱ्याला यायचं. सीताबाईंना व्हिडिओ दाखवला तेव्हा त्या बराच वेळ पाहून म्हणाल्या, "डोंगा काऊन नाई घेत हे लोकं?"

मायलेकींमध्ये एक तह झाला होता. रोज समुद्रातून बाहेर आलं की जागृतीनं दोन शब्द पाठवायचे: बाहेर आले. शाळेची प्रार्थना सुरू होण्याआधी ते दोन शब्द येत आणि भावनाबाईंचा दिवस सुरू होई.

एक दिवस ते आले नाहीत. त्या दिवशी शाळेत प्रतिज्ञा दोनदा झाली. पहिली संपल्यावर भावनाबाईंनी फोनकडे पाहिलं आणि "भारत माझा देश आहे" म्हणून पुन्हा सुरुवात केली. सगळ्या शाळेनं मुकाट्यानं हात पुढे केले. बाईंना चूक दाखवण्याची प्रथा त्या शाळेत नव्हती. गणिताच्या तासाला त्यांनी फळ्यावर काढलेल्या त्रिकोणाला चार बाजू होत्या म्हणतात. मधल्या सुट्टीत जागृतीचा फोन आला.

"आई, मोबाईल चार्जिंगले राह्यला घरी."

"हे बंद कर जागृती."

"काय, चार्जिंग?"

"समुद्र. समुद्र बंद कर. मी शाळेत काम करू का तू बुडली का नाई, हे पाहत बसू?"

"आई, तुले माहीत तरी हाये काय, काय असते ते? फळीवर उभं राह्यनं किती कठीण हाये, किती मस्त हाये. तू एक डाव उभी राहून दाखव, मी त्या दिवशी सोडते."

ती चिडून बोलली होती. पण भावनाबाई पंच होत्या, आणि पंचासमोर नियम बोलून दाखवला की तो नियम होतो.

"गुडघा टेकवायचा का नाई?"

"नाई. हाताच्या जोरावर एका दमात उठायचं. गुडघा टेकला का बाद."

"शब्द?"

जागृती म्हणाली, "शब्द. दिवाळीच्या सुट्टीत या. मीच शिकवते तुले."

संध्याकाळी त्यांच्या नवऱ्यानं, रत्नदीपरावांनी, हे ऐकून घेतलं. ते एसटीच्या आगारात वाहतूक नियंत्रक होते. उशिरा आलेल्या गाडीवरून तावातावानं भांडणाऱ्या माणसांकडे शांतपणे पाहत राहणं हा त्यांच्या नोकरीचा भाग होता, आणि ती सवय त्यांनी संसारातही ठेवली होती. "भावना, तुले पोहता नाई येत," एवढंच ते म्हणाले.

"पोहायचं कुठी हाये? उभं राह्यचं हाये. उभं मले राह्यता येते."

राहता येत नव्हतं, हे पहिल्याच दिवशी कळलं. जागृतीनं पाठवलेल्या व्हिडिओत सगळं सोपं होतं. पोटावर झोपायचं, तळहात फासळ्यांशी टेकवायचे, छाती उचलायची आणि एका झटक्यात दोन्ही पाय अंगाखाली आणून, एक पुढे एक मागे, गुडघे वाकवून उभं राहायचं. भावनाबाई बैठकीतल्या फरशीवर पालथ्या झाल्या, तळहात टेकवले, छाती उचलली आणि मग जन्मभर जेवणाच्या पाटावरून जशा उठत आल्या तशाच उठल्या. आधी उजवा गुडघा टेकला, मग त्यावर हात, मग "अगं माय", मग डावा पाय, मग कमरेवर हात ठेवून उरलेल्या बाई.

सीताबाई दारात शेंगा सोलत बसल्या होत्या. "बाळंतीन उठल्यावानी उठून राह्यली तू," त्या म्हणाल्या.

भावनाबाईंनी स्वतःलाच हात वर करून बाद दिलं आणि पुन्हा पालथ्या झाल्या. रोज शाळेतून आल्यावर हे चाले. शेजारच्या मयुरीच्या आईला वाटलं, भावनाबाईंचं काहीतरी दिवाणाखाली हरवलं आहे. हळूहळू गुडघा टेकणं कमी झालं, "अगं माय" तेवढं राहिलं. तेव्हा रत्नदीपराव पेपरामागून म्हणाले, "पण फरशी हालत नाई न भावना. समुद्र हालते."

हे खरं होतं. पण हिंगणघाटात कापसाला काय तोटा? भावनाबाईंनी त्याच वर्षी भरून घेतलेल्या, अजून पोट फुगलेल्या दोन गाद्या एकावर एक टाकल्या, दिवाणाचं प्लायवूड काढून त्यावर ठेवलं आणि त्यावर पालथ्या पडल्या. प्लायवूड सगळ्या बाजूंनी डुगडुगू लागलं. हा समुद्र त्यांना फार पसंत पडला. ओला नव्हता, खोल नव्हता आणि कोणी हाक मारली तर उठून जाता येत होतं.

फक्त एक झालं. पहिल्याच दिवशी त्या जोरात उठल्या, वजन पुढे गेलं, प्लायवूडचं टोक गादीत घुसलं आणि भावनाबाई समोरच्या लोखंडी कपाटावर जाऊन आदळल्या. कपाळाला टेंगूळ आलं. शाळेत त्यांनी दार लागलं म्हणून सांगितलं, आणि कपाटाला दार असल्यामुळे ते खोटंही नव्हतं. त्या दिवसापासून त्या सगळं वजन मागच्या पायावर ठेवू लागल्या. मागे राहिलेलं बरं, हे त्यांचं आयुष्यभराचं धोरण होतंच, गादीनं त्याला मान्यता दिली. आणि डोळे सारखे पायावर. कारण खेळाडूही त्याच होत्या आणि पंचही त्याच, आणि खेळाडूवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता.

दिवाळीची सुट्टी लागायच्या आत बाई गुडघा न टेकवता बिनचूक उठू लागल्या. रत्नदीपरावांकडून व्हिडिओ काढून घेतला आणि मुलीला पाठवला. उत्तर आलं: मस्त आई. पण पाय लयच मांगं पडून राह्यले तुझे. पुढचा पाय छातीच्या खाली आण, वजन पुढे टाक. आन खाली नको पाहू, समोर पाह्य.

भावनाबाईंनी ते मोठ्यानं वाचून दाखवलं. "पाह्यलं? हारायची पाळी आली त उलटं शिकवून राह्यली. पुढे झुकलं का माणूस पडते, हे मले कपाटानं शिकवलं."

"पोरगी तुई हाये," सीताबाई म्हणाल्या. "उलटं शिकवलं त नवल काय."

दोन गाड्या बदलून नवराबायको कोकणात पोहोचले. समुद्राकडे पाहून भावनाबाईंचं पहिलं मत असं झालं की मैदान मोठं आहे, पण आखणी नाही. जागृती उन्हानं काळी झाली होती, केस सुतळीसारखे झाले होते, आणि ती इतकी खुशीत होती की भावनाबाईंना ओरडायला जागाच सापडेना.

केंद्रावरच्या अंकुश नावाच्या मुलानं त्यांना लाइफ जॅकेट घातलं आणि त्यांच्या घोट्याला फळीची दोरी बांधली.

"ही कायले?"

"फळी वाहून जाऊ नये म्हणून, काकू."

"आन मी वाहून गेली त?"

अंकुशनं थोडा विचार केला. "तुम्ही फळीला बांधलेल्या आहात की."

कमरेएवढ्या पाण्यात अंकुशनं फळी धरली, फेसाची एक लाट येऊ दिली आणि ढकललं. भावनाबाई उठल्या. गुडघा टेकला नाही. पण दोन्ही पाय शिकल्याप्रमाणे मागे, वजन मागे, नजर पायावर. नांगराला जुंपू न देणाऱ्या बैलासारखी फळीनं मान वर केली, जागच्या जागी थांबली, लाट खालून निघून गेली आणि बाई मागच्या मागे पाण्यात बसल्या. नाकातोंडात खारं पाणी गेलं.

"उभी राह्यली होती मी," वर येताच त्या म्हणाल्या.

"फळी चालली पायजे आई. उभी फळी त आपल्या घरी पन हाये."

सकाळभर हेच. बसल्या, उठल्या, खोकलल्या, पुन्हा बसल्या. जागृती एकच सांगत होती, वजन पुढे, नजर समोर, आणि प्रत्येक वेळी भावनाबाईंना समुद्रात ते लोखंडी कपाट उभं दिसे. शेवटी जागृतीनं त्यांना ओल्या वाळूवर आणलं. बोटानं वाळूत फळीची आकृती काढली, पाय जिथे पडायला हवेत तिथे दोन शिंपले ठेवले आणि आईला पालथं झोपवलं.

"आता ऊठ. पाय शिंपल्यावर. आन माझ्या तोंडाकडे पाह्य."

भावनाबाई उठल्या आणि खाली पाहिलं. जागृतीनं दोन बोटांनी त्यांची हनुवटी वर केली.

"पायाकडे काय पाह्यतेस? पाय कुठी जाते?"

"पायाचा भरोसा नसते जागृती. मी जिंदगीभर पायच पाहून राह्यली."

"लोकायचे," जागृती म्हणाली. "स्वतःचे नाई पाह्य लागत. आपण जिथं पाह्यलं, फळी तिथं जाते. खाली पाह्यलं त खाली."

हे सगळं ती फार मन लावून सांगत होती. आईच्या मागे उभी राहून तिच्या खांद्यांना धरून ती पुढे झुकवत होती, चुकलेला पाय हातानं उचलून शिंपल्यावर ठेवत होती. आणि भावनाबाई मनात म्हणत होत्या, पोरगी किती पक्की झाली. हरायला लागली तर किती गोड बोलते.

दुसऱ्या दिवशी दुपारची परतीची गाडी होती. सकाळी पुन्हा समुद्र, पुन्हा तेच बसणं. कोरडे कपडे संपले होते, नाकात मीठ साचलं होतं आणि अंकुश आता "काकू, चहा घेऊ या का" असं विचारू लागला होता. तेव्हा भावनाबाईंनी ठरवलं की एकदा पोरीच्या म्हणण्याप्रमाणे करायचं, तोंडावर आपटायचं आणि तिला म्हणायचं, पाह्यलं? निदान एक गोष्ट तरी सिद्ध करून घरी जाता येईल.

जागृती किनाऱ्याजवळ गुडघाभर पाण्यात उभी होती. लाट आली. अंकुशनं ढकललं. भावनाबाईंनी तळहात टेकवले, छाती उचलली, पाय आणले आणि पडायच्या पूर्ण तयारीनं वजन पुढे टाकलं, नजर उचलून पोरीवर ठेवली.

आणि त्या पडल्या नाहीत.

फळी खाली दबली, सरळ झाली आणि चालू लागली. मागे फेस सळसळत होता, पायाखाली काहीतरी जिवंत धावत होतं, आणि कपाट कुठेच नव्हतं. 'अगं माय'सुद्धा म्हणायचं राहून गेलं. उटीच्या सहलीत घोड्यावर बसल्या होत्या तेव्हाही इतकं बरं वाटलं नव्हतं, आणि त्या घोड्याला तर धरणारा माणूस होता.

समोर जागृती दोन्ही हात वर करून नाचत होती. "वाकून राह्य आई, वाकून, येऊ दे, येऊ दे." ती टाळ्या वाजवत होती, हसत होती, स्वतःच जिंकल्यासारखी. मग टाळ्या वाजवता वाजवता तिचे हात मधेच थांबले. तिला आठवलं होतं. तिनं लगेच पुन्हा हसू आणलं आणि पुन्हा टाळ्या वाजवल्या, पण त्या आता शाळेत पाहुण्यांसाठी वाजवतात तशा होत्या.

भावनाबाईंनी हे पाहिलं. एरवी दिसलं नसतं. एरवी त्या पायांकडे पाहत असत्या.

पोरीनं उलटं काही शिकवलंच नव्हतं. वजन पुढे, नजर समोर. जे खरं होतं तेच कालपासून घसा कोरडा करून सांगत होती, आणि आई उभी राहिली की आपलं काय जाणार हे तिला पक्कं ठाऊक होतं. विचार एवढ्यावर आला आणि फळी वाळूला लागली. बाई पुढच्या पुढे गुडघाभर पाण्यात पालथ्या झाल्या.

जागृतीनं हात देऊन उठवलं. तिचं नाक लाल झालं होतं. "झालं आई," ती म्हणाली. "जिंकली तू. मी शब्द पाळते."

भावनाबाईंनी तोंडातलं पाणी थुंकलं, पदर नव्हता म्हणून जॅकेटलाच तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "गुडघा टेकला."

"काय?"

"उठताना. डावा गुडघा टेकला फळीले."

"नाई टेकला आई. मी पाह्यत होती."

"मी पन होती न तिथं."

मागून अंकुश पाण्यातून धावत आला. "काकू, काय क्लीन उठलात. गुडघा कुठे टेकला? मी मागेच होतो ना."

"तू लहान हायेस अंकुश. तुले नाई समजत टेकलेलं."

"आई, खरं सांग," जागृती म्हणाली.

"पंच कोण हाये? तू का मी? पंचाचा निर्णय अंतिम असते. तालुक्याच्या पत्रकात छापून येते ते."

जागृतीनं वाकून आईच्या घोट्याची दोरी सोडली आणि त्या कामाला लागतो त्यापेक्षा बराच जास्त वेळ लावला.

"मंग आता?" तिनं खालूनच विचारलं.

"आता गाडी हाये दुपारची. उन्हाळ्याच्या सुट्टीत पाहू." मग भावनाबाई म्हणाल्या, "आन मोबाईल रातीच चार्जिंगले लावत जा. तेवढं करता येते न?"

रत्नदीपराव वाळूवर मोबाईल धरून उभे होते. त्यांनी सगळं टिपलं होतं. गाडीत बसल्यावर त्यांनी एकदा तो व्हिडिओ पाहिला, एकदा बायकोकडे पाहिलं आणि मोबाईल खिशात ठेवला. गाडी वेळेवर सुटली, एवढंच ते म्हणाले.

पण घरी सीताबाईंना कोण अडवणार? त्यांनी नातीचा समुद्र पाहायचा म्हणून मुलाकडून मोबाईल मागून घेतला, डोळ्यांजवळ धरला आणि तो व्हिडिओ लावला. मग पुन्हा लावला. भावनाबाई स्वयंपाकघरात भांडी विनाकारण वाजवू लागल्या.

"भावना, हार झाली म्हनतेस?"

"झाली. गुडघा टेकला."

"मले त नाई दिसला."

"तुम्हाले मोतीबिंदू हाये आत्याबाई."

"मोतीबिंदू मांगच्या साली काढला. तूच त घिऊन गेलती." सीताबाईंनी व्हिडिओ आणखी एकदा लावला. "आमच्या तालुक्यात एक पंच होती म्हनते. तिले नातं नाई दिसे."

अल्लीपूरच्या मैदानाची गोष्ट त्या घरात पुढे बरेच दिवस कोणी सांगितली नाही.

रात्री रत्नदीपराव अंथरूण घालायला गेले तेव्हा दिवाण अजून उघडाच होता आणि प्लायवूड गाद्यांवर पडलं होतं. "हे आता टाकू काय दिवाणात?" त्यांनी विचारलं.

"राहू द्या," भावनाबाई म्हणाल्या. "उन्हाळ्यात जावं लागन न. तोवर सवय मोडून जाते."

"मंग मी कुठी झोपू?"

भावनाबाईंनी त्यांना सतरंजी दिली. मग त्या प्लायवूडच्या टोकाशी जाऊन उभ्या राहिल्या, समोर पाहिलं आणि म्हणाल्या, "आन उद्या ते कपाट जरा तिकडे सरकवून द्या."